मेलेल्या कातड्याले काय लावतं वं?

पत्र: ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझी आई कापूस वेचायला जाते. दिवाळीपासून तिच्या टाचा इतक्या चिरल्या आहेत की पाय टेकवला की रक्त येतं. बोटांची टोकंही फाटली आहेत. रात्री ती कढत पाण्यात कपड्याची पावडर टाकून पाय बुडवते, वज्रीनं घासते आणि खोबरेल तेल लावते. रोज करते, तरी भेगा वाढतातच. मलम आणू म्हटलं तर म्हणते, "मेलेल्या कातड्याले काय लावतं वं?" आमच्या पुस्तकात पेशीपटल फॉस्फोलिपिडचं असतं असं दिलंय. सर म्हणाले, वरच्या कातडीतल्या पेशी मेलेल्या असतात. मग मेलेल्या पेशीला पटल असतं का? नसेल तर मलम नेमकं कशावर काम करतं?

उत्तर:

आज रात्रीपासून पाण्यात पावडर टाकणं बंद करायला सांग आणि वज्री काही दिवस फळीवर ठेवून दे. पत्र वाचल्याबरोबर आधी हेच लिहावंसं वाटलं. दिवसभर वावरात राबून आलेली तुझी आई रात्री पुन्हा अर्धा-पाऊण तास पायांसाठी काढते, आणि त्याच वेळात टाचेतलं असं काही धुऊन टाकते जे परत बनवायला शरीराला दिवस लागतात. तुझा पटलाचा प्रश्न आणि आईच्या टाचा यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जीवरसायनशास्त्र शिकवलं, पण टाचांची ओळख त्याआधीची आहे. माझं लहानपण वर्धा जिल्ह्यातलं. थंडीत सांजच्याला चुलीपुढे घमेल्यात पाय सोडून बसलेली माझी माय अजून डोळ्यांपुढे आहे. पाण्यात टाच फुगायची, पांढरीफटक व्हायची, भेगांच्या कडा मऊ पडायच्या. मायला बरं वाटायचं. पाय पुसून अर्धा तास झाला की तीच टाच आधीपेक्षा ताठ व्हायची आणि सकाळी पहिलं पाऊल टाकताना भेग पुन्हा उकलायची. तुझ्या घरीही हेच होत असणार.

आता तुझा प्रश्न. पुस्तक बरोबर आहे आणि सरही बरोबर आहेत. दोघांच्या मधली गोष्ट सांगायची राहिली आहे.

कातडीच्या वरच्या भागात, म्हणजे बाह्यत्वचेत, सगळ्यात खाली जिवंत पेशी विभागत असतात. त्यांना पुस्तकातलंच पटल असतं: फॉस्फोलिपिडचे दोन थर, मऊ, वाहते. तसं असणं गरजेचंच आहे, कारण जिवंत पेशीला आतबाहेर देवाणघेवाण करायची असते. नव्या पेशी खालून येत राहतात तशा जुन्या वर सरकतात. साधारण दोन आठवड्यांत पेशी वरच्या मृत थराच्या उंबरठ्यावर पोचते आणि तिथे फार मोठी घडामोड होते. पेशीच्या आत बारीक पिशव्या तयार झालेल्या असतात. त्यांना लॅमेलर बॉडी म्हणतात. त्यांच्यात फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल, साखर जोडलेलं सिरॅमाइड आणि स्फिंगोमायलिन अशी स्निग्ध द्रव्यं ठासून भरलेली असतात. सोबत हे सगळं कापणारी-घडवणारी विकरंही, म्हणजे एन्झाइम, असतात. या पिशव्या पेशीच्या वरच्या कडेला येऊन पटलाला चिकटतात आणि आतला माल बाहेर, दोन पेशींच्या फटीत ओततात.

बाहेर आल्यावर विकरं कामाला लागतात. साखर जोडलेल्या सिरॅमाइडची साखर तोडली जाते आणि मोकळं सिरॅमाइड मिळतं. स्फिंगोमायलिनचंही सिरॅमाइड होतं. फॉस्फोलिपिड मोडून त्यातली मेदाम्लं सुटी होतात. पेशीचं केंद्रक विरघळतं, तिचं स्वतःचं फॉस्फोलिपिड पटलही नाहीसं होतं. त्याच्या जागी आतल्या बाजूनं प्रथिनांचं कवच शिवलं जातं. इन्व्होल्युक्रिन, लॉरिक्रिन ही त्या प्रथिनांची नावं, आणि टाके घालणारं विकर ट्रान्सग्लुटॅमिनेज. हे विकर कॅल्शियम असल्याशिवाय हलत नाही. या कवचाच्या बाहेरच्या अंगावर लांब साखळीच्या सिरॅमाइडचा एक थर रासायनिक बंधानं पक्का जोडला जातो.

म्हणून मेलेल्या पेशीला पटल असतं का, याचं उत्तर असं: पुस्तकातलं पटल नसतं, ते मोडून त्याच्या सामानातून दुसरं काहीतरी बांधलेलं असतं. पेशी मरते खरी, पण ठरवून, कामाला येण्यासाठी मरते. उरते ती केराटिन नावाच्या प्रथिनानं भरलेली चपटी, कडक चकती, आणि चकत्यांच्या मध्ये मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचे थरांवर थर. या थरांत वजनानं जवळजवळ निम्मं सिरॅमाइड असतं, पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, बाकी मुख्यतः मोकळी मेदाम्लं. फॉस्फोलिपिड जवळपास नाहीच.

हा बदल कशासाठी? फॉस्फोलिपिडमधल्या मेदाम्लांच्या साखळ्या बहुतेक १६-१८ कार्बनच्या आणि त्यातल्या बऱ्याच वाकड्या असतात, म्हणून ते पटल तेलासारखं ढिलं राहतं. सिरॅमाइडच्या साखळ्या २४-२६ कार्बनच्या, काही ३० च्याही वर, आणि बहुतांश सरळ असतात. त्या एकमेकींना खेटून, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या रचल्या जातात. तेल आणि मेण यात जो फरक, तोच इथे. तेलातून पाण्याचा रेणू वाट काढतो, घट्ट रचलेल्या मेणातून त्याला ते फार जड जातं.

शास्त्राच्या पुस्तकांत या रचनेला विटा आणि चुन्याची भिंत म्हणतात. मला आपल्याकडचं कवेलूचं छप्पर जास्त जवळचं वाटतं. चकत्या चपट्या असतात आणि एकीची कड दुसरीवर चढलेली असते. कवेलूंच्या प्रत्येक सांध्यात मेण ओतलंय अशी कल्पना कर. हातावर-पोटावर अशा १५-२० चकत्यांची चळत असते, सगळी मिळून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीही जाड नसते, आणि तेवढ्यावर आपण मे महिन्याच्या उन्हात सुकून जात नाही. टाचेवर हा थर कितीतरी पट जाड, मिलिमीटरच्या आसपास असतो. वरचे कवेलू रोज झडतात आणि खालून नवे येतात.

टाच मग इतकी जाड असून का फुटते? आपल्या काळ्या मातीकडे बघ. पाणी मिळालं की ती फुगते, एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमाड जमिनीला तशा पडत नाहीत. टाचेतलं केराटिनही पाणी पिऊन फुगतं आणि सुकून आकसतं. थर जितका जाड, तितकी ही ओढाताण मोठी. चकत्यांच्या आत पाणी धरून ठेवणारी काही लहान रेणूंची शिदोरी असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन तुटून अमिनो आम्लं तयार होतात, त्यांच्यासोबत लॅक्टेट आणि युरिया असतो. हे सगळं पाण्यात विरघळणारं आहे, आणि मेणाचे थर फाटले की ते पाण्यासोबत वाहून जातं. मग टाच पाणी धरत नाही. ती ताठ होते, अंगाचा भार पडला की कडेला तडकते.

शिवाय तळपाय आणि तळहातावर तेलग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर, तेलाची एकही नाही. चेहऱ्याला, डोक्याला वरून मिळणारा तेलाचा हात टाचेला आणि बोटांच्या टोकांना मिळत नाही. वेचणीतला दिवस यात भर घालतो. सकाळी पऱ्हाटीवरच्या दहिवरानं पाय ओले, दुपारी कोरड्या ढेकळांवर तेच पाय कोरडेठाक, आणि बोटांना उकललेल्या बोंडांची टोकं दिवसभर टोचत राहतात. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं रोज झालं की पाणी धरणारी ती शिदोरी लवकर संपते. थंडीत हवाही कोरडी असते. वय वाढलं की सिरॅमाइड कमी बनतं, हेही त्यात आलंच.

इतकं सगळं विरुद्ध असताना घमेल्यात पडते ती पावडर. तिच्यात कपड्याचं तेल काढणारी रसायनं असतात, आणि तेल कपड्याचं की टाचेचं हे त्यांना कळत नाही. त्यात पाणी कढत. ४० अंशांच्या आसपास त्या मेणाची घट्ट रचना सैल व्हायला लागते, म्हणजे कढत पाणी दार उघडतं आणि पावडर आत शिरून सामान नेते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निरोगी कातडीचा पृष्ठभाग आंबटसर असतो, पीएच ५ च्या जवळपास. सिरॅमाइड तयार करणारी विकरं या आंबटपणातच चांगली चालतात. साबण ९-१० पीएचचा, धुण्याचा सोडा त्याच्याही वर. कातडी अल्कधर्मी झाली की सिरॅमाइडचा कारखाना मंदावतो, आणि चकत्यांमधले जोड कापणारी दुसरी विकरं मात्र जोरात चालतात. म्हणजे बांधकाम थांबतं आणि पाडकाम वाढतं. त्यावर वज्री फिरली की टाच ते दुखणं समजून आणखी जाड थर घालते. जाड थर म्हणजे आणखी भेगा.

खोबरेल तेल वाईट नाही. पण कोरड्या टाचेवर ते नुसतं वर बसतं. आत पाणी नसेल तर तेल कोंडणार काय? आणि पावडरच्या पाण्यानंतर लावलं तर धुऊन गेलेल्याच्या तुलनेत ते फार थोडं पुरतं.

आता काय करायचं ते. रात्री कोमट पाणी, हाताला सुखद लागेल इतकंच, त्यात काहीही टाकायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवायचे. मळ असेल तर मऊ कापडानं पुसायचा, साबण लावायचाच तर बोटांच्या बेचक्यात थोडासा आणि लगेच धुवायचा. पाय टिपून घ्यायचे, घासायचे नाहीत, आणि टाच अजून ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोळायची. साधी, बिनवासाची, कोणत्याही दुकानात मिळते ती. ही जेली नुसतं झाकण होऊन बसत नाही. वरच्या थरातल्या फटींमध्ये शिरते, पाणी उडू देत नाही, आणि तिच्या आड खालच्या पेशी आपलं मेण नव्यानं तयार करत राहतात. आईच्या "मेलेल्या कातड्या"ला उत्तर हेच: मलम वरच्या मेलेल्या थरातली गळती बुजवतं आणि खालच्या जिवंत थराला उसंत मिळते. वरून जुने सुती पायमोजे घालून झोपायचं. बोटांनाही तेच. सकाळी वावरात जाताना टाचेला पुन्हा थोडी जेली आणि पायमोजे. टाच उघडी टाकणाऱ्या सपातेपेक्षा मागून बंद असलेला जोडा बरा, कारण चपलेच्या काठावर टाचेचं मांस बाहेरच्या बाजूला पसरतं आणि भेगेला ओढ बसते.

मेण-तेलाचं घरगुती मलम करत असाल तर तेही चालेल. मधमाशीचं खरं मेण एक भाग आणि तेल चार भाग, मंद आचेवर पातळ करून डबीत भरून ठेवायचं. मेणातही लांब साखळीचे सरळ रेणू असतात, म्हणून आपल्या आज्यांनी ते निवडलं त्यात शहाणपण होतं. पेटत्या मेणबत्तीचं मेण भेगेत टपकवणं मात्र नको, जखम भाजते.

आठवड्याभरानं रक्त थांबून भेगांची तोंडं मिटू लागली की औषधाच्या दुकानातून युरियाचं क्रीम आणता येईल. टाचांसाठी १० ते २५ टक्क्यांचं मिळतं. युरिया केराटिन सैल करतो आणि पाणी धरतो. उघड्या भेगेवर तो झोंबतो, म्हणून आधी नको. इथे एक सांगून ठेवते, कारण मला हे एकीनं खरंच विचारलं होतं: वावरातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून लावायचा नाही. रेणू तोच असला तरी ते खत आहे, त्यावर निंबोळी तेलाचं आवरण असतं आणि ते औषधाच्या शुद्धतेचं नसतं.

फरक दिसायला तीन-चार आठवडे धर. टाचेचा थर जाड, त्याला बदलायला वेळ लागतो. चार दिवसांत आई म्हणतील काही होत नाही, तेव्हा तू नेटानं लावत राहा.

खाण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या अभ्यासाशी जुळणारी गोष्ट आहे म्हणून सांगते. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्यानं उंदरांना अजिबात स्निग्ध नसलेला आहार दिला. त्यांची कातडी खवल्यांसारखी झाली, शेपटीवर पापुद्रे आले. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की लिनोलेइक आम्ल दिलं की हे बरं होतं. पुढे कळलं की सगळ्यात लांब सिरॅमाइडच्या टोकाला हेच लिनोलेइक आम्ल जोडलेलं असतं आणि मेणाच्या थरांना बांधून ठेवतं. शरीराला ते बनवता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. आपल्या करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश तेच असतं, आणि तुझी आई जो कापूस वेचते त्याच्या सरकीच्या तेलात निम्मं. तिळातही भरपूर. जवस चांगलाच, पण त्यात मुख्यतः वेगळं मेदाम्ल असतं, या कामाचं नाही. घरात यातलं एखादं तेल रोजच्या भाजीत असेल तर कमतरता सहसा होत नाही, त्यामुळे महागडं काही विकत आणू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरी काळजी वाटते. आईच्या भेगा दुखतात हे तू लिहिलंस, ते वाचून थोडं हायसं वाटलं. ज्याच्या टाचेला खोल भेग आहे आणि ती दुखत नाही, त्या माणसाला उशीर न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. कुष्ठरोगातही होतात, घाम थांबतो, टाच कोरडी पडून फुटते आणि माणूस त्याच पायानं चालत राहतो. आपल्या विदर्भानं हे दुखणं जवळून पाहिलंय. वरोऱ्याचं आनंदवन उगाच उभं राहिलं नाही. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि लवकर सुरू केलं तर पाय वाचतो. म्हणून आईची साखर एकदा तपासून घ्या, आणि डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक तळपायाला लावून बघ, कळतं का. भेगेतून पू आला, पाय सुजला, लाल झाला, ताप आला तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठायचा.

तळपायावर बारीक पांढरा कोंडा, बेचक्यात खाज असेल तर ती बुरशी असू शकते. दुकानदार हातात देतो ती तीन औषधं मिसळलेली ट्यूब घेऊ नका. तिच्यातलं स्टेरॉइड खाज दाबतं, पण सिरॅमाइड-कोलेस्टेरॉलचं उत्पादनच कमी करतं आणि बुरशी आतून पसरते.

फवारणीच्या दिवसांचंही बोलायला हवं. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशक नाकातोंडातूनच जातं असं बऱ्याच जणांना वाटतं. यातली कित्येक रसायनं स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असतात. जी मेणाची वाट पाणी अडवते, तीच त्यांना जवळची वाटते, आणि फाटलेल्या कातडीतून तर सगळंच सोपं जातं. भेगाळलेल्या हातापायांनी फवारलेल्या वावरात जायचं नाही, घरातल्या कोणीही नाही. आणि हाताचा चिकटा घालवायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, ते कातडीचं उरलंसुरलं मेणही विरघळवून नेतं.

शेवटी तुझ्यासाठी एक प्रयोग. कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेलच. मनगटाच्या आतल्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी दाबून लाव आणि ओढून काढ. दोन-तीनदा केलंस की पट्टी धुरकट दिसेल. ती काचेवर ठेवून मिथिलीन ब्लूचा थेंब टाक. दुसऱ्या काचेवर गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी घे, काडीनं हलकेच खरवडून. गालाच्या पेशीत मधोमध गडद केंद्रक दिसेल. पट्टीवरच्या चकत्या पाच-सहा कोनांच्या, चपट्या, आणि आतून रिकाम्या दिसतील. केंद्रक कुठेच नाही. सर म्हणाले ते मेलेपण तुला तिथे डोळ्यांनी दिसेल. तसाच एक तुकडा आईच्या टाचेचा आज काढून ठेव, भेगेपासून दूरचा, तारीख टाकून. महिन्याभरानं पुन्हा काढ. आज पट्टीला जाड पापुद्रे चिकटून येतील. महिन्यानं काय येतं ते मला लिहून कळव, आणि साखरेचा आकडाही.